सोलापूरहून जुने गोल्फ कोर्स खेळायला निघताना: काय निवडावं, दार कसं उघडतं आणि कुठे फसतं

प्रश्न असा आहे: सोलापुरात राहतो, खेळायला पुण्यात शिकलो, हँडिकॅप (पार, म्हणजे कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) २२ आहे. सुट्ट्या काढून देशातले ऐतिहासिक कोर्स आणि पुढे जमलं तर स्कॉटलंड खेळायचं आहे. कुठले कोर्स निवडावेत, प्रवेश कसा मिळतो, तयारी काय करावी?

यादी करण्याआधी प्रत्येक नावापुढे तीन वर्षं लिहा. क्लब कधी निघाला, आजच्या जमिनीवर कधी आला आणि होल शेवटचे कधी बदलले. जाहिरातीत फक्त पहिलं वर्ष असतं. खेळणाऱ्याच्या वाट्याला मात्र दुसरं आणि तिसरं येतं. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) कडेला जुन्या कबरी आणि घुमट उभे आहेत, पण होलची आखणी २०१९ मध्ये नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअरने नव्याने केलेली. गुलमर्गचा क्लब १९११ चा, आजचा कोर्स २०११ च्या सुमाराला पुन्हा बांधलेला. दोन्ही खेळायला उत्तमच आहेत. पण 'शंभर वर्षांपूर्वीचा गोल्फ कसा होता' हे कळण्यासाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. त्यासाठी जिथे नांगर किंवा बुलडोझर फारसा फिरला नाही अशी जमीन शोधावी लागते.

भारतात सुरुवात कोलकात्यापासून करा. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सर्वात जुना. आधी दमदम, मग शहरातलं 'मैदान' आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉलीगंज असा त्याचा प्रवास. 'रॉयल' ही पदवी १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी पंचम जॉर्जने दिली. देशाची हौशी खेळाडूंची स्पर्धा १८९२ पासून या क्लबशी जोडलेली आहे. कोर्स पूर्ण सपाट, मधूनमधून तळी. सपाट जमिनीवरची तळी टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) नीट दिसत नाहीत, हीच इथली मेख आहे. तळ्यापर्यंत किती आणि तळं ओलांडायला किती, हे दोन्ही आकडे कॅडीला (क्लब वाहणाऱ्या, वाट सांगणाऱ्या मदतनिसाला) विचारल्याशिवाय क्लब, म्हणजे काठी, हातात घेऊ नका. नवखा पाहुणा ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारा क्लब) काढतो आणि चेंडू नेमका काठावरून घरंगळतो. २२ हँडिकॅपवाल्याने इथे अर्ध्याअधिक होलवर फेअरवे वूड किंवा हायब्रिडने (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लबने) टी ऑफ केलं तरी कार्ड बिघडत नाही, उलट सुधारतं.

जायचं डिसेंबर ते फेब्रुवारीत. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आटोपून निघालात तरी हंगाम हातात असतो. सकाळी धुकं असतं, म्हणून साडेआठच्या आधीचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) मागू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे जमीन मऊ राहते, चेंडू पडला तिथेच रुततो. तेव्हा गेलाच तर १० ते १२ अंश बाउन्सचा (तळ फुगीर असलेला) सँड वेज हवा, नाहीतर प्रत्येक चिप (जवळचा छोटा फटका) मातीत घुसते.

आता प्रवेश. सर्वात जास्त प्रवास इथेच वाया जातात. देशातले बहुतेक जुने क्लब खासगी आहेत. हॉटेलात उतरून सकाळी पैसे भरले आणि खेळलो, असं चालत नाही. रस्ते तीन: सदस्याचा पाहुणा म्हणून, तुमच्या क्लबशी परस्पर करार असेल तर त्या आधारे, किंवा क्लब देत असेल तर तात्पुरत्या सदस्यत्वावर. सचिवांच्या कार्यालयाला तीन-चार आठवडे आधी ईमेल करा. त्यात तुमच्या क्लबच्या सचिवाचं तुमची ओळख करून देणारं पत्र, हँडिकॅपचा दाखला, खेळाडूंची संख्या आणि दोन पर्यायी तारखा, दोन्ही मंगळवार ते गुरुवारच्या. शनिवार-रविवार सदस्यांचे असतात, ते मागणं म्हणजे नकार मागणं. तुम्ही नुसते ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) शिकला असाल आणि कुठल्याच क्लबात नाव नसेल, तर आधी पुण्यात कुठेतरी सदस्यत्व आणि अधिकृत हँडिकॅप घ्या. त्याशिवाय ही सगळी यादी कागदावरच राहते. 'माझा साधारण २२ आहे' हे वाक्य कुठल्याही जुन्या क्लबात चालत नाही.

हँडिकॅपचा हिशेबही समजून ठेवा, कारण कोर्स बदलला की आकडा बदलतो. तुमचा इंडेक्स (दाखल्यावरचा हँडिकॅप) गुणिले त्या टीचा स्लोप (अवघडपणाचा आकडा), भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागणारे अपेक्षित फटके) आणि पार यांतला फरक. समजा स्लोप १३०, रेटिंग ७३ आणि पार ७२. तर २२ इंडेक्सवाल्याला २६ शॉट मिळतात. हे माहीत नसलेले खेळाडू २२ धरूनच खेळतात आणि दिवसभर स्वतःवर चिडतात. अनोळखी कोर्सवर स्ट्रोकप्लेऐवजी (सगळे फटके मोजण्याऐवजी) स्टेबलफर्ड (दर होलला गुण) खेळा. एका होलवर दहा झाले तरी तो उचलून पुढे जाता येतं आणि मागचा चौघांचा गटही खोळंबत नाही.

दक्षिणेची वाट सोलापूरला सोयीची. उद्यान एक्स्प्रेस थेट बेंगळुरूला सोडते. तिथला बेंगळुरू गोल्फ क्लब १८७६ चा, शहराच्या मधोमध, जागेने आटोपशीर; अर्धा दिवस पुरतो. खरी मजा पुढे निलगिरीत आहे. उटीचा जिमखान्याचा कोर्स एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, सात हजार फुटांच्या वर. उघडे माळ, चढउतार, झुडपं, आणि सपाट उभं राहायला जागा कमीच. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे (डावखुऱ्यांना उलट). मैदानावरच्या सरावात हे कधी येत नाही, म्हणून पहिल्या पाच-सहा होलवर सगळे गोंधळतात. उपाय साधा: चेंडू वर असेल तर ग्रिप दोन इंच खाली धरा, पाऊण स्विंग करा आणि लक्ष्याच्या उजवीकडे रोख धरा.

उंचीचा हिशेब असा. दर हजार फुटांना चेंडू साधारण सव्वा टक्का लांब जातो. पुणं स्वतःच अठराशे फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे उटीला पुण्याच्या मानाने सहा टक्क्यांच्या जवळपास फरक पडतो. १५० यार्डांच्या शॉटला नऊ-दहा यार्ड, म्हणजे जवळजवळ एक क्लब. मात्र सकाळी गारठा असला की यातला बराचसा फायदा थंड हवा खाऊन टाकते. आठ वाजता एक आकडा आणि बारा वाजता दुसरा, हे डोक्यात ठेवा.

रस्त्याचीही एक अडचण आहे. म्हैसूरहून बंदीपूरमार्गे जाणारा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. उद्यान एक्स्प्रेसला उशीर झाला तर त्याच दिवशी उटी गाठायचा हट्ट धरू नका, म्हैसूरला मुक्काम करा. शिवाय २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला गाडीने जायला ई-पास काढावा लागतो. तो निघण्याआधी मोबाइलवर काढून ठेवा. जोडीला वेलिंग्टनचा जिमखाना (१८७३) घ्यायचा असेल तर तो लष्करी छावणीच्या भागात आहे. आधी लेखी परवानगी आणि जवळ ओळखपत्र हवं. कोडाईकनालचा क्लब १८९५ चा, तिथे फेअरवेवर गवे येतात. गवा उभा असेल तर खेळ थांबवायचा, कॅडी सांगेल तेव्हाच पुढे जायचं. तिथे वेळ वाचवायच्या भानगडीत पडू नये.

उत्तरेत नालदेहरा. शिमल्यापासून २२-२३ किलोमीटर, देवदारांच्या गर्दीत. लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली की त्याने आपल्या एका मुलीच्या नावातच ती घातली. कोर्स लहान, पार ६८, आणि तीच ग्रीन (छिद्राभोवतीच्या बारीक गवताच्या जागा) वेगवेगळ्या टीवरून दोनदा खेळून अठरा होल होतात. ड्रायव्हर घरी ठेवला तरी चालेल. महत्त्वाचं हे की इथे सदस्याची ओळख लागत नाही, पर्यटकालाही खेळता येतं. एप्रिल ते जून किंवा मान्सूननंतर जा. शिलाँगही पाहुण्यांना तुलनेने मोकळं. १८९८ मध्ये नऊ होल, १९२४ मध्ये अठरा, पाइनची झाडं, लाटांसारखी जमीन. माझ्या मते भारतातल्या जुन्या कोर्सपैकी जमिनीचा मूळ आकार सर्वात चांगला राखलेला हाच. फक्त तिथला पाऊस गमतीचा विषय नाही. नोव्हेंबर ते मार्च सोडून टी टाइम धरू नका, आणि ग्रिप जुनी असेल तर निघण्याआधी बदलून घ्या.

परदेशी पहिलं पाऊल श्रीलंकेत टाकणं सर्वात स्वस्त पडतं. रॉयल कोलंबो १८७९ चा, कोर्समधून आजही रेल्वेचा रूळ जातो. नुवारा एलियाचा १८८९ चा, चहाच्या मळ्यांच्या प्रदेशात, सहा हजार फुटांवर. दोन्हीकडे पाहुण्यांची सवय आहे आणि चार दिवसांत दोन्ही होतात.

आता स्कॉटलंड. तिथला गोल्फ म्हणजे समुद्रकाठची वाळूची, आखूड गवताची, वाऱ्याची जमीन: लिंक्स. एक चूक जवळजवळ प्रत्येक भारतीय खेळाडू करतो: सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स पहिल्याच दिवशी ठेवतो. विमानप्रवासाने शरीर आखडलेलं, लिंक्सवरचा उसळता चेंडू माहीत नाही, आणि आयुष्यभर वाट बघितलेली फेरी तशीच निघून जाते. ओल्ड कोर्स तिसरा किंवा चौथा ठेवा.

पहिला दिवस एडिनबरोजवळच्या मसलबरा ओल्ड लिंक्सला द्या. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात अडकलेले नऊ होल. १६७२ मध्ये इथे गोल्फ खेळल्याची नोंद आहे आणि १८७४ ते १८८९ या काळात ब्रिटिश ओपन स्पर्धा सहा वेळा इथे झाली. ग्रीनवरचं छिद्र सव्वाचार इंचांचं असतं ते इथल्याच १८२९ च्या जुन्या छिद्र पाडायच्या यंत्राच्या मापावरून; १८९० च्या दशकात तेच सगळीकडे ठरलं. लाकडी दांड्याचे हिकरी क्लब इथे भाड्याने मिळतात, ते घ्याच. हिकरीचा दांडा पिळतो, त्यामुळे जोरात मारलं की चेंडू कुठेही जातो. ७० टक्के ताकद, सावकाश सुरुवात, चेंडू थोडा मागे. नऊ होल असे खेळलात की पुढच्या आठवड्याचा ताल आपोआप बसतो. फी ओल्ड कोर्सपुढे किरकोळ.

पुढे नॉर्थ बेरिक. इथला १५ वा होल 'रेडान', पार ३, जगभर सर्वात जास्त नक्कल झालेला होल. ग्रीन तिरपं आहे आणि पुढून मागे उतरतं. थेट झेंड्यावर मारलेला चेंडू टिकत नाही; उजव्या खांद्यावर टाकून घरंगळू द्यायचा असतो. १३ व्या होलवर ग्रीनच्या पुढ्यात दगडी भिंत आड येते. तिच्याशी वाद घालू नका, ती तुमच्या आधीपासून तिथे आहे; बाजूला चिप करा.

सेंट अँड्र्यूजबद्दल जरा सविस्तर, कारण चुकीची माहिती याच कोर्सबद्दल सर्वात जास्त फिरते. हा कोर्स सार्वजनिक आहे, कुणा क्लबच्या मालकीचा नाही. सदस्यत्व लागत नाही, हँडिकॅपचा दाखला लागतो. ३६ पर्यंत चालतो, म्हणजे तुम्ही बसता. टी टाइम मिळवायचे मार्ग: आदल्या वर्षी उघडणारं आगाऊ बुकिंग, खेळायच्या दोन दिवस आधीची सोडत, आणि एकट्या खेळाडूंसाठी आदल्या दिवशी तिथे स्वतः जाऊन नाव देण्याची सोय. सोडतीत किमान दोन आणि जास्तीत जास्त चार नावं लागतात. दुपारी २ च्या आत भरायची, निकाल संध्याकाळी. सोमवारी खेळायचं तर शनिवारी. रविवारी कोर्स बंद असतो, गावकरी फेअरवेवर फिरतात. त्यामुळे गावात सलग चार रात्री ठेवा, रोज सोडतीत नाव घाला आणि त्याच दिवसांत न्यू कोर्स (१८९५) किंवा ज्युबिली (१८९७) पक्का करून ठेवा. नंबर नाही लागला तरी दिवस रिकामा जात नाही. मंडळी एकच रात्र ठेवतात आणि हात हलवत परत येतात, हे नेहमीचं.

जुलै २०२७ मध्ये ओपन तिथेच आहे. त्या उन्हाळ्यात ओल्ड कोर्स पाहुण्यांना फार कमी मिळेल. त्या वर्षी बेत नको. नोव्हेंबर ते मार्च फी कमी असते, पण फेअरवेवर चटईचा तुकडा ठेवून त्यावरून मारावं लागतं. जुन्या जमिनीसाठी एवढं लांब जाऊन चटईवरून खेळण्यात राम नाही. एप्रिलचा शेवट, मे किंवा सप्टेंबर धरा.

खेळताना लक्षात ठेवायचं एकच: चुकायचं तर डावीकडे. जाताना, म्हणजे पहिल्या नऊ होलवर, कोर्सची कड, काटेरी झुडपं आणि सीमा उजव्या हाताला असतात. डावीकडे परतीचे फेअरवे असल्याने जागा मोकळी. स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) मारणाऱ्याला हा कोर्स माफ करत नाही. सात ग्रीन जोडग्रीन आहेत, दोन-दोन होलच्या वाटणीची, आणि दोघांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा असं. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. चुकीच्या झेंड्यावर मारणारे रोज सापडतात. पुट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) ३०-४० यार्डांचेही पडतात, म्हणून आदल्या संध्याकाळी तिथल्या 'हिमालयाज' या सार्वजनिक पुटिंग ग्रीनवर तासभर घाला. चार पैशांत होतं. खोल बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेलात तर पुढे मारण्याचा मोह सोडा, बाजूला किंवा मागे काढा. १४ व्या होलचा 'हेल' आणि १७ व्याचा 'रोड होल' बंकर यांत आकडे दोन अंकी होतात ते तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नामुळे. १७ वा पार ४ असला तरी पार ५ समजून खेळा: ग्रीनच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत तीन शॉटमध्ये, मग दोन पुट. बोगी (पारपेक्षा एक जास्त) झाली तर खुश राहा. फेरी चार तासांच्या आत संपवायची अपेक्षा असते. बग्गी मिळत नाही, पायी चालायचं.

जवळच एली गावात पहिल्या टीसमोर टेकाड आहे, पलीकडचं दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमाने सोडणाऱ्याच्या) खोलीत पाणबुडीचा जुना पेरिस्कोप बसवलाय. समोर कुणी नाही हे त्यातून बघून तुम्हाला सोडतात. तेवढ्यासाठी तरी थांबावं.

पश्चिम किनाऱ्यावरचं प्रेस्टविक मात्र वगळू नका. १८५१ मध्ये ओल्ड टॉम मॉरिसने बारा होल आखले. १७ ऑक्टोबर १८६० ला पहिली ओपन इथे झाली, आठ खेळाडू, एका दिवसात बारा होलच्या तीन फेऱ्या. विली पार्क १७४ वर जिंकला. पहिल्या होलच्या उजव्या कडेला भिंत आणि पलीकडे रेल्वे. इथे लांब लोखंडी क्लबने सुरुवात करा, ड्रायव्हर नको. १७ वा 'आल्प्स' मूळचा टिकून राहिलेला, दुसरा शॉट टेकाडावरून आंधळा. पुढे जाऊन घंटा वाजवायची पद्धत असते तिथे ती विसरू नका, मागचे खेळाडू त्यावरच अवलंबून असतात. रेल्वे स्टेशन कोर्सला लागूनच आहे, गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही.

तयारी निघण्याआधी दोन महिने सुरू करा. लिंक्सवर चेंडूखाली गादी नसते. सोलापूरचं उन्हाळ्यातलं मुरमाड मैदान त्या कामाला उत्तम. एक जुना सात नंबरचा आयर्न त्यासाठी बाजूला काढा, खरचटला तरी वाईट वाटणार नाही असा. चेंडू मागच्या पायाकडे, वजन पुढच्या पायावर, मनगट न मोडता पुटसारखा फटका. चेंडू एक भाग हवेत आणि तीन भाग जमिनीवर गेला पाहिजे. रोज ५० चेंडू पुरेत. उंच लॉब शॉटचा सराव सोडून द्या. समोरून वारा असेल तर ताशी मैलामागे एक टक्का अंतर वाढवून धरा. २० मैलांच्या वाऱ्यात १२० यार्ड म्हणजे १४४. क्लब मोठा घ्या, पण जोर वाढवू नका. जोराने फिरकी वाढते आणि चेंडू वर चढून तिथेच थांबतो. मेच्या उन्हात पुण्यात २२० यार्ड जाणारा ड्रायव्हर स्कॉटलंडच्या १२ अंशांत, समुद्रसपाटीला, दहा-पंधरा यार्ड कमी जाईल. हे गृहीत धरा, स्विंग बिघडलाय असं समजू नका.

सामान: १४ क्लब, हलकी स्टँड बॅग, डझनभर चेंडू आणि कव्हर मिळून १४-१५ किलो होतात. विमान कंपनीला क्रीडासाहित्य आधी कळवा. ड्रायव्हरचं डोकं पान्याने काढून मोज्यात गुंडाळा, बाकी क्लबांच्या डोक्यांभोवती दोन जाड टेरी टॉवेल घट्ट बांधा. सोलापुरात असे टॉवेल वेगळे शोधायला नकोत, आणि कोर्सवर तोच टॉवेल अर्धा ओला-अर्धा कोरा ठेवून वापरता येतो. सर्वात लांब क्लबपेक्षा दोन-तीन इंच उंच काठी मध्ये घाला म्हणजे बॅग उलटी आपटली तरी मार काठी खाते. बूट, हातमोजे आणि पावसाळी जॅकेट हातातल्या बॅगेत; सामान दुसऱ्या दिवशी आलं तरी भाड्याच्या क्लबांवर खेळता येतं, भाड्याच्या बुटांत नाही. कॉलरचा टी-शर्ट सगळीकडे लागतो, जीन्स कुठेच चालत नाही.

ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, बोटांचे ठसे पुण्यात देता येतात. अर्जाला टी टाइमची पावती जोडली तर प्रवासाचं कारण स्पष्ट होतं, पण सोडतीच्या भरवशावरचा ओल्ड कोर्स त्यात लिहू नका. न्यू कोर्स, नॉर्थ बेरिक आणि प्रेस्टविकची पक्की बुकिंग जोडा. सात दिवसांत पाच फेऱ्या पुरेत. कॅडी किमान ओल्ड कोर्सवर घ्याच, आधी नोंदवून. त्याची फी ग्रीन फीत नसते, फेरी संपल्यावर बक्षिशीसह रोख द्यावी लागते, तेव्हा पौंडांच्या नोटा बॅगेच्या कप्प्यात वेगळ्या ठेवा.